सिस्टरांचा शनिवार

रत्नागिरीत नोकरी लागली आणि मी खोली बघायला गेले, तेव्हा घरमालकिणीने भाड्याचं काही बोलायच्या आधी मला तीन गोष्टी विचारल्या. मासे खातेस का, मोठ्याने भांडता येतं का, आणि शनिवारी संध्याकाळी घरी असतेस का. मी मंडणगडकडची, मासे खाणारच. भांडणाचं म्हणाल तर भावांच्या पाठीवर झालेली एकटी बहीण मी, गळा तयारच होता. शनिवारचं मात्र कळेना. "कळेल," त्या म्हणाल्या आणि खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली.

सगळी आळी त्यांना सिस्टर म्हणायची. देशावरच्या एका मिशन इस्पितळात त्यांनी जन्मभर नर्सचं काम केलं, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर वडिलांनी बांधलेल्या चिऱ्याच्या लहानशा घरात परत येऊन राहिल्या. नीट चापूनचोपून नेसलेली सुती साडी, खाली पांढरे कॅनव्हासचे बूट आणि बारा महिने हातात छत्री. छत्री पावसासाठी कमी आणि दाखवण्यासाठी जास्त. तुंबलेलं गटार, चुकीच्या जागी लावलेली स्कूटर, उघड्यावर खोकणारा माणूस, सगळ्यांकडे त्या छत्रीनेच दाखवायच्या. बोटाने दाखवणं असभ्य दिसतं म्हणे.

राग नाकाच्या शेंड्यावर. पण त्या रागाची तऱ्हा मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. भांडण रंगात आलं की त्या समोरच्याचं मनगट धरायच्या आणि नाडी बघायच्या. "थांब थांब, फार जोरात चाललीय. बस खाली, पाणी पी, मग भांडू." आणि खरंच पाणी आणून द्यायच्या. एकदा मीटर बघायला आलेल्या माणसाशी त्यांची जुंपली, तर त्याची नाडी त्यांना अडखळताना लागली. भांडण तिथेच टाकून त्याला रिक्षात घालून डॉक्टरकडे पाठवलं. तो बरा होऊन पेढे घेऊन आला, तर "एवढं गोड खातोस म्हणूनच" असं म्हणून त्याच्यावर पुन्हा ओरडल्या. पेढे मात्र ठेवून घेतले.

आता शनिवार. सिस्टर ख्रिस्ती. त्यांच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, म्हणजे पावाचा लहानसा तुकडा आणि द्राक्षाचा घोटभर रस सगळ्यांनी मिळून घ्यायचा. मी हिंदू, मला यातलं ओ का ठो माहीत नव्हतं, सिस्टरांनीच सांगितलं. ज्याच्याशी आपलं बिनसलंय त्याच्याशी आधी मिटवायचं आणि मग देवापुढे यायचं, अशी प्रभूची आज्ञा आहे. चर्चमधली बाकीची मंडळी हे मनातल्या मनात उरकत असावीत. सिस्टर पायी उरकायच्या. पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी दुपारचा चहा झाला की बूट चढवायचे आणि महिनाभरात जिथे जिथे भांडण झालं असेल तिथे तिथे जायचं. भांडणं काही कमी नसायची, त्यामुळे परत यायला दिवेलागण व्हायची.

माफी मागायचे त्यांचे नियम होते. उंबऱ्याबाहेर उभं राहायचं. "चुकलं माझं" एवढंच म्हणायचं. कारण सांगायचं नाही, कारण कारण सांगितलं की भांडण परत सुरू होतं. आणि चहा तर मुळीच घ्यायचा नाही. "चहा घेतला की माणूस टेकतो, टेकला की स्वतःची बाजू मांडायला लागतो," त्या म्हणायच्या. रिकाम्या हाताने जायच्या नाहीत, कधी चार कोकमं, कधी अळूची पानं, कधी कोंबडीचं अंडं. अंडं मिळालं म्हणजे चूक मोठी होती असं आळीत समजलं जाई.

पलीकडच्या घरात एक निवृत्त हेडमास्तर राहायचे. त्यांच्या फणसाची पानं सिस्टरांच्या कौलांवर पडायची, त्यामुळे तिकडे दर महिन्याला जाणं ठरलेलंच. एकदा माफी मागून त्या परत निघाल्या आणि फाटकापाशी पोचतात न पोचतात तोच डोक्यावर एक पान पडलं. तिथूनच त्यांनी मास्तरांना दोन वाक्यं सुनावली, मग कपाळावर हात मारून परत उंबऱ्याशी गेल्या आणि पुन्हा म्हणाल्या, "चुकलं माझं." मास्तर हसता हसता आरामखुर्चीतून घसरायचे बाकी राहिले. हळूहळू मास्तरांना त्या भेटीची इतकी सवय झाली, की एका महिन्यात काहीच भांडण झालं नाही तर शुक्रवारी तेच कुंपणाशी येऊन उभे राहिले. म्हणाले, "सिस्टर, तुमच्या कोंबड्यांनी माझी कोथिंबीर खाल्ली." कोंबड्या तर खुराड्यात होत्या.

माझं आणि त्यांचं पहिलं भांडण खाटेवरून झालं. मी कचेरीतून आले तर माझी खाट भिंतीकडून खिडकीखाली गेलेली, कपाट दुसऱ्या कोपऱ्यात, आणि माझे कपडे नव्या घड्या घालून ठेवलेले. मी असा आवाज लावला की मास्तर बाहेर आले. सिस्टरांनीही लावला. "तिथे हवा नाय गो! छातीत कफ धरशील!" माझी नाडी बघायला त्यांनी हात पुढे केला, तर मी दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले. शनिवारी माझ्या दारात टकटक झाली. अंडं घेऊन उभ्या. "चुकलं माझं. विचारायला हवं होतं." आणि मग जाता जाता, "खाट मात्र आता तिथेच राहू दे." मला हसू आवरलं नाही. आपल्याहून दुप्पट वयाचं माणूस आपल्या दाराशी येऊन चुकलं म्हणतं, हे मी तोपर्यंत बघितलं नव्हतं. आमच्याकडे मोठ्यांचं चुकतच नाही.

एवढं सगळं करून रविवारी त्या प्रभुभोजन घ्यायच्या नाहीत.

हे मला पहिल्या पावसाळ्यातच कळलं. प्रभुभोजनाचा पाव कापायचं काम त्यांच्याकडे असायचं. बेकरीतून ताजा पाव आणायचा, कडा काढायच्या आणि सारखे चौकोनी तुकडे करायचे. काळ्या द्राक्षांचा रसही त्याच उकळून गाळायच्या. कडा भाजून माझ्या चहाबरोबर यायच्या. एका रविवारी पाऊस फार होता, डबे धरायला कोणी हवं म्हणून मी बरोबर गेले आणि मागच्या बाकावर बसले. गाणी झाली, पाळकांचा उपदेश झाला, मग चर्चच्या पंचांपैकी एकजण पावाचं ताट घेऊन बाकाबाकाशी येऊ लागले. उंच, किंचित वाकलेले, सिस्टरांसारखंच नाक. ते आमच्या बाकाशी आले आणि ताट सिस्टरांपुढे धरून थांबले. सिस्टरांनी त्यांच्याकडे न बघता ताट हातात घेतलं आणि आपण तुकडा न उचलता शेजारच्या बाईकडे दिलं. ते गृहस्थ क्षणभर तसेच उभे राहिले आणि ताट परत हातात आल्यावर पुढच्या बाकाकडे गेले. बाकी कोणी मान वळवून पाहिलंही नाही, म्हणजे हे नेहमीचंच होतं.

ते त्यांचे सख्खे धाकटे भाऊ होते.

घरी येताना मी विचारलं. विचारू नये हे कळत होतं, पण माझं तोंड कुठे गप्प बसतंय! सिस्टरांनी लपवलं काही नाही. त्या देशावर नोकरीला असताना आई वारली. निरोप मिळाल्याबरोबर त्या मिळेल त्या एसटीने निघाल्या, तर आंबा घाटात दरड कोसळलेली. एक रात्र घाटातच गेली. दुसऱ्या दिवशी चिखलातून चालत अलीकडे आल्या, एका ट्रकने रत्नागिरी गाठली, तर माती होऊन गेलेली. भाऊ थांबला नव्हता. आईचं तोंड काही त्यांना बघायला मिळालं नाही.

"पावसात ठेवता आलं नसेल," मी म्हणाले.

"मिरकरवाड्याच्या बंदरावर बांगड्याला बर्फ मिळतो," सिस्टर म्हणाल्या. "माझ्या आईला मिळाला नाय."

छत्री माझ्या डोक्यावर धरून त्या चालत राहिल्या आणि स्वतः भिजल्या.

नंतर मला एकेक गोष्ट दिसायला लागली. घरी संध्याकाळी त्या प्रभूची प्रार्थना म्हणायच्या, चांगल्या खणखणीत आवाजात. आम्ही जशी दुसऱ्यांना क्षमा केली तशी तू आम्हाला कर, अशा अर्थाची ओळ त्यात येते. तिथे आल्या की गप्प व्हायच्या आणि पुढची ओळ धरायच्या. मी एकदा म्हटलं, म्हणून टाकायची, देव काय शब्द मोजतोय? तर म्हणाल्या, "त्याच्याशी खोटं कशाला बोलू? त्याला सगळं माहीत आहे, वर मी खोटारडी ठरायची."

पाळकसाहेब दोन-तीनदा समजूत घालायला आले होते. त्यांना सिस्टरांनी कोकम सरबत दिलं आणि म्हणाल्या, "क्षमा मागायची असेल तर सांगा, आत्ता बूट घालते. ते पायांचं काम आहे, मला जमतं. करायची म्हणजे कुठून करायची ते मला सापडत नाय. आणि त्याने मागितली तरी आहे का? एकदा दाराशी येऊन 'ताई, चुकलं' म्हणू दे." भाऊ काही येत नव्हता. त्याच्या मते त्याचं चुकलंच नव्हतं. गाव एवढंसं, चर्च त्याहून लहान, आणि त्यात ही दोन माणसं महिन्यातून एकदा हातभर अंतरावर यायची आणि लांब जायची. पहिल्या रविवारी घरी आल्या की सिस्टर दुपारी जेवायच्या नाहीत. मी आग्रह केला तर माझ्यावर ओरडायच्या आणि ते भांडण पुढच्या शनिवारच्या खात्यात जायचं. मला त्यांची फार कीव यायची, आणि कीव केलेली त्यांना खपली नसती.

मग भावाला अर्धांगवायूचा झटका आला. भावजयीचा फोन आला तेव्हा सिस्टर विळीवर फणस कापत होत्या. फोन ऐकला, ठेवला, आणि परत कापायला बसल्या. अख्खा फणस संपवला. मग तेलाने हात पुसले, बूट चढवले आणि मला म्हणाल्या, "चल. माफ करायला नाय जात मी, आधीच सांगते. पण त्याच्या बायकोला त्याला कुशीवर वळवता यायचं नाय. पाठीला जखमा होतील."

इस्पितळातून घरी आणल्यावर तर त्या रोज जायला लागल्या. उजवी बाजू गेली होती आणि वाचा गेली होती. पहिल्या दिवशी परत आल्या त्या पायरीवरच बसल्या, बूटही काढले नाहीत. "जीभच गेली गो त्याची," म्हणाल्या. "आता तो मागणार कसा? इतकी वर्षं वाट बघितली मी. आता सगळं माझ्याच गळ्यात." मी त्यांना तसं बसलेलं कधी बघितलं नव्हतं. मी चहा केला. त्यांनी तो घेतला.

सुट्टीच्या दिवशी मीही बरोबर जायची, गरम पाण्याची बादली उचलायला. भावाची खाट त्यांनी केव्हाच खिडकीखाली नेली होती, हे सांगायला नको. अंग पुसताना त्या बोलत असायच्या, आणि बोलायच्या काय, तर जे इतकी वर्षं साठलं होतं ते सगळं. घाटातला चिखल, ट्रकवाल्याने दिलेली शाल, फाटकाशी उभी असलेली माणसं, आणि मातीचा नवा ढीग. "उचल हात. त्या ढिगाजवळ मला कोणी बसूही दिलं नाय, म्हणे पाऊस आहे. पाऊस मला नवीन होता? आता दुसरा हात." भाऊ ऐकत राहायचे. पळता येत नव्हतं, बोलता येत नव्हतं. एका डोळ्यातून पाणी यायचं. सिस्टर ते त्याच फडक्याने पुसायच्या आणि पुढे बोलायला लागायच्या.

एकदा भावजय मला स्वयंपाकघरात म्हणाली, "ह्यांनी वाट बघितली होती गो. दोनदा नाक्यापर्यंत गेले होते. पण खड्ड्यात पाणी भरायला लागलं, माणसं बादल्यांनी उपसून थकली. मोठी माणसं म्हणाली आता थांबू नको. ह्यांचं वय ते काय! पण ताईंना कोण सांगणार?" मी पोटात ठेवून घेणारी नव्हेच. घरी येताच सिस्टरांना सांगितलं. मला वाटलं, हे कळलं की गाठ सुटेल.

"मला माहीत आहे," सिस्टर म्हणाल्या. "बादल्यांचं मला त्याच दिवशी सांगितलं होतं लोकांनी. माहीत असून जात नाय, त्यालाच तर राग म्हणतात बाय. माहीत नसतं तर सोपं होतं."

असे महिने गेले. शनिवारच्या फेऱ्या चालूच होत्या, मात्र आता त्या उरकत्या घ्यायच्या, कारण भावाच्या व्यायामाची वेळ सांभाळायची असायची. मास्तरांना हे फारसं आवडलं नाही. उंबऱ्यात उभे राहून विचारायचे, "एवढ्यात झाली माफी?"

एका पहिल्या रविवारी मी त्यांच्याबरोबर चर्चला गेले होते. डबे धरायला म्हणूनच, पण खरं म्हणजे मला आता तिथे बसायला आवडायला लागलं होतं. भावाच्या जागी दुसरे पंच ताट घेऊन आले. सिस्टरांनी ताट घेतलं, एक तुकडा उचलला, तोंडात घातला आणि ताट शेजारी दिलं. इतकं सहज, की मला वाटलं आपल्याला भास झाला. शेजारच्या बाईने तोंडाला पदर लावला. पुढच्या बाकावरची दोन डोकी मागे वळली आणि पुन्हा पुढे झाली. पाळकसाहेब पुढची ओळ विसरले.

वाटेत मी काही बोलले नाही. म्हणजे फार वेळ बोलले नाही. बोरीच्या वळणाशी मात्र राहवेना. "सिस्टर, केलीत क्षमा? कधी केलीत?"

त्या खरोखरच आठवायला लागल्या. छत्री टेकून उभ्या राहिल्या. "कोण जाणे," म्हणाल्या. "त्याची नखं कापत होते परवा, तेव्हा लक्षात आलं की राग शोधतेय नि हाताला लागत नाय. आधीच केव्हातरी गेला असेल. मला न विचारता गेला मेला." आणि मग घाईने, "मी नाय काही केलं. मी तर रोज भांडतच होते त्याच्याशी. वरच्याने काढून नेला असेल." त्या दिवशी दुपारी त्या पोटभर जेवल्या. सुरमईचा मोठा तुकडा घेतला आणि मला शेपटी दिली.

आता माझं लग्न झालंय, मी गावाच्या दुसऱ्या टोकाला राहते. नवरा संगमेश्वरचा, हट्टाला माझ्या तोडीस तोड. आमच्याही घरात शनिवार असतो. त्याला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो म्हणाला, हे काय नवीन खूळ? पण पुढच्याच महिन्यात बाहेर जाऊन, दार लोटून, बेल वाजवून उंबऱ्याबाहेर उभा राहिला आणि "चुकलं माझं" म्हणाला. हातात अंडं होतं, फ्रिजमधलंच. सिस्टरांनी मला दुसरं काही शिकवलं नसतं तरी एवढ्यावर माझा संसार निभावला असता. चर्चमध्ये गेले म्हणून मी काही धर्म बदलला नाही, त्यांनीही तसं कधी सुचवलं नाही. पण मला जे मिळालं ते त्यांच्या देवाकडूनच आलं, एवढं मी जाणते, आणि त्याचे आभार मी माझ्या देवघरापुढे मानते. दोघा देवांचं आपसात काय ते ते बघून घेतील.

सिस्टरांच्या भावाच्या घरी मी अजून जाते. सिस्टर त्यांना बोलायला शिकवतात. जुन्या नर्सचा खाक्या, रोज तेच शब्द, तोंडापुढे आरसा धरून. भात. दार. पाणी. पहिले कित्येक महिने नुसता घोगरा आवाज यायचा. सिस्टर चिडायच्या, आरसा आपटायच्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भातापासून सुरुवात करायच्या.

मागच्या खेपेला गेले तेव्हा भाऊ खुर्चीत बसले होते. सिस्टरांनी आरसा धरला आणि म्हणाल्या, "हं, पाणी." त्यांनी आरसा डाव्या हाताने बाजूला सारला. सिस्टरांच्या तोंडाकडे बघितलं आणि ओठ जुळवायला लागले. मानेच्या शिरा ताणल्या, कपाळावर घाम आला. "ता..." म्हणाले. "ताई..." भावजय दारात येऊन थांबली. "चु..." ते म्हणाले. "चुक..."

ह्या एका शब्दासाठी सिस्टर अर्धं आयुष्य उपाशी राहिल्या होत्या. मला वाटलं आता त्या रडतील, निदान ऐकून तरी घेतील.

त्यांनी भावाच्या तोंडावर हात ठेवला. मग तोच हात खाली नेऊन त्याचं मनगट धरलं आणि थोडा वेळ नाडी बघत बसल्या.

"राहू दे," म्हणाल्या. "ते कठीण आहे, ते नको आता. ते झालं कधीच. पाणी म्हण."

ते रडत होते, त्यामुळे पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा म्हणाले. सिस्टरांनी उठून तांब्या आणला, पेला भरला आणि त्यांच्या ओठाला लावला.